सुपर बोल फक्त जाहिराती आणि हाफटाइम शो साठी बघितला तर चालतं का?

सिनसिनाटीची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही ऑगस्टमध्ये सिनसिनाटीला आलो, नवऱ्याच्या जॉबमुळे. समोरच्या घरात एक पन्नाशीतलं जोडपं आहे, फार गोड माणसं, बर्फ पडला की आमच्या पण ड्राइव्हवेवरचा काढून देतात, त्यांनी आम्हाला ८ फेब्रुवारीला सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलची वर्षाची फायनल) पार्टीला बोलावलंय आणि मी लगेच हो म्हणून बसलेय. आता गोची अशी की अमेरिकन फुटबॉल मधलं मला ओ की ठो कळत नाही, नवरा तर पक्का क्रिकेटवाला, तो म्हणतो ती मारामारी आहे, खेळ नाहीच.

मी काकूंना खरं सांगितलं की मला गेम समजत नाही, तर त्या हसून म्हणाल्या, अगं मी पण फक्त जाहिराती आणि हाफटाइमच्या गाण्यासाठी बघते. जाहिरातींसाठी मॅच??? आपल्याकडे जाहिरात लागली की आई चहा टाकायला उठायची आणि बाबा म्यूट करायचे. मग हे खरंच लोक करतात की मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या त्या? कोणी गेलंय का अशा पार्टीला, काय न्यायचं (आम्ही व्हेज), किती वाजता हाफटाइम असतो, मुलगी ४ वर्षांची आहे आठला पेंगायला लागते, आणि मुख्य म्हणजे नियम शिकून जायला हवेत का की नुसतं सगळे ओरडले की ओरडायचं?

जर्सीची_मावशी

सूनबाई, बिनधास्त जा. काकू अगदी खरं बोलतायत. आमच्या एडिसनच्या ग्रुपमध्ये निम्म्या बायका आणि पाव पुरुष (कबूल करत नाहीत) जाहिराती आणि शो साठीच येतात.

एक मात्र डोक्यात पक्कं ठेव, इथे सगळं उलटं असतं. गेम चालू असताना गप्पा मार, खा, बाथरूमला जाऊन ये, कोणी काही म्हणणार नाही. पण जाहिरात लागली की सगळे श्श्श करतात, आणि त्याच वेळी तू जर विचारलंस की बाई गं ही डिप कशाची केलीस, तर आठ माना तुझ्याकडे वळतील.

किकऑफ (मॅचची सुरुवात) आपल्या म्हणजे ईस्टर्न टाइमने संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, हाफटाइम येतो आठ ते साडेआठच्या मध्ये कधीतरी. त्यामुळे लेकीला दुपारी झोपव म्हणजे झोपवच. शो पंधरा मिनिटांच्या आतच आटपतो पण ब्रेक अर्ध्या तासाच्या आसपास, साध्या मॅचला तेरा-चौदा मिनिटांचाच असतो. तेवढ्यात तिला खायला घाल.

खाण्याचं म्हणशील तर तिथे चिकन विंग्ज, चिप्स, ग्वाकामोली, चीजच्या नाना तऱ्हा असणार. तू बटाटेवडे ने, छोटे छोटे कर, एका घासाचे, हिरवी चटणी थोडी कमी तिखट. पाणीपुरीच्या भानगडीत पडू नकोस, लोकांच्या घरी कार्पेट असतं. आणि तुमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाची तारीख बघून ठेव, आमच्या इथल्या कमिटीने एका वर्षी नेमकं त्या रविवारी संध्याकाळी ठेवलं, बायका नटून आल्या पण नवरे आणि पोरं गायब, एवढा तिळगूळ उरला की एप्रिलपर्यंत खात होतो.

फोर्थ_डाऊन

मी वरच्या पाव पुरुषांत नाही हे आधी सांगतो. मी खेळ बघायला बसतो आणि दर वर्षी माझ्या बाजूला कोणीतरी "आता हे का थांबले" विचारणारं येऊन बसतं.

पण प्रामाणिकपणे बोलायचं तर तक्रार करायला आम्हा फॅन लोकांना तोंड नाही. गेम घड्याळाप्रमाणे ६० मिनिटांचा, चालतो साडेतीन पावणेचार तास, आणि वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये स्टॉपवॉच लावून मोजलं होतं की साध्या मॅचमध्ये बॉल खरोखर खेळात असतो तो जेमतेम ११ मिनिटं. बाकी वेळ लोक उभे आहेत, घोळका करून कुजबुजतायत, रेफ्री बोलतोय, आणि ब्रेक. म्हणजे तुम्ही जाहिरातींसाठी आलात तर तुम्हाला खेळवाल्यांपेक्षा जास्त माल मिळतो हे सरळ गणित आहे.

नियम एवढेच पाठ करा: चार चान्समध्ये १० यार्ड पुढे जायचं, गेलं की परत चार चान्स. टचडाऊनचे (बॉल समोरच्यांच्या टोकापर्यंत नेला की) ६ आणि वर एक किक घालून १, फील्ड गोलचे (खांबांमधून किक मारली की) ३. बस. चौथ्या चान्सला कोणाला काही विचारू नका.

आणि अतिशय महत्त्वाचं, तुम्ही सिनसिनाटीत आहात म्हणून. यजमानांना चुकूनही विचारू नका की तुमची टीम कधी जिंकलीये का. बेंगल्स तीनदा सुपर बोलला पोचले, १९८२, १९८९ आणि २०२२, आणि तिन्ही वेळा हरले, ते पण ५, ४ आणि ३ पॉइंटांनी. पन्नाशीतल्या माणसाने हे तिन्ही याची देही याची डोळा पाहिलेले असणार. वडे पुढे करा आणि विषय बदला.

दादरचा_कॉपीरायटर

मुंबईत जाहिरात एजन्सीत आहे त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही, जरा लांबण लागेल.

जाहिरातींसाठी मॅच बघणं विचित्र वाटतंय कारण आपल्याकडे जाहिरात छळते. आयपीएल घ्या, ओव्हर संपली जाहिरात, विकेट पडली जाहिरात, बॅट्समन पॅड बांधतोय तोवर जाहिरात, त्यात २००९ पासून स्ट्रॅटेजिक टाइमआउट आणला तो तर चक्क साडेसात मिनिटांचा होता, नंतर अडीच अडीच मिनिटांवर आणला. आणि तीच एक गुटख्याच्या वेलचीची जाहिरात एका मॅचमध्ये इतक्यांदा की शेजारच्या पोराला तोंडपाठ. सुपर बोलला बहुतेक जाहिराती नव्या कोऱ्या, आणि त्या रात्री एकदाच लागतात. हुकली तर हुकली, उद्या ऑफिसात सगळे तिच्यावर बोलणार. माझ्या मते सगळी जादू त्या "एकदाच" मध्ये आहे, क्रिएटिव्हिटी वगैरे नंतर.

पैशाचा हिशोब ऐका. २०२५ ला ३० सेकंदांचे ८० लाख डॉलरपर्यंत भाव गेले, आपले साधारण ७० कोटी रुपये, फक्त दाखवायचे, बनवायचे आणि त्यातल्या स्टार लोकांचे वेगळे. एवढे मोजल्यावर कोणी शेंगदाण्याच्या तेलासारखी जाहिरात करत नाही.

हे वेड वाढलं ते १९८४ च्या ॲपलच्या जाहिरातीपासून असं सगळे म्हणतात, मॅकिंटॉश यायच्या दोन दिवस आधी, रिडली स्कॉटने केलेली, एक बाई धावत येते आणि पडद्यावर हातोडा फेकते, कॉम्प्युटर दिसतच नाही पूर्ण जाहिरातीत. गंमत म्हणजे ॲपलच्या संचालक मंडळाला ती अजिबात आवडली नव्हती, घेतलेला वेळ विकून टाका म्हणाले होते, एजन्सीने अर्धामुर्धा विकला आणि एक मिनिट ठेवला. क्लायंटचं ऐकलं असतं तर काय झालं असतं हे आम्ही धंद्यातले लोक एकमेकांना दारू पिताना सांगतो.

२०२२ ला कॉइनबेसने एक मिनिटभर काळ्या पडद्यावर नुसता रंग बदलणारा क्यूआर कोड इकडून तिकडे फिरवला, बाकी काही नाही, इतक्या लोकांनी स्कॅन केला की त्यांचं ॲप काही वेळ झोपलं. आमच्या क्लायंटला असं काही दाखवलं तर म्हणेल लोगो मोठा करा.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं एकच उदाहरण मला आठवतं, २००९ चे व्होडाफोनचे झूझू. निवडणुकांमुळे आयपीएल दक्षिण आफ्रिकेत गेली होती, आणि जवळपास रोज एक नवीन झूझू यायचा. घरोघरी लोक मॅच सोडून "आज नवीन लागला का" विचारायचे. बऱ्याच जणांना अजून वाटतं ती ॲनिमेशन होती, नव्हती, आत बारीक चणीची खरी माणसं होती, केप टाऊनला शूट केलं होतं. म्हणजे बघा, नवीन दिलं की आपण पण चहा टाकायला उठत नाही.

एक वाईट बातमी. २०११ ला फोक्सवॅगनने त्यांची ती डार्थ व्हेडरच्या मुखवट्यातल्या छोट्या पोराची जाहिरात मॅचच्या आधीच यूट्यूबवर टाकली, प्रचंड चालली, आणि तेव्हापासून अर्ध्याअधिक कंपन्या आठवडाभर आधीच सगळं सोडतात. तुम्ही मात्र आधी काही बघू नका, मजा जाते.

टोरांटोचा_बंड्या

तुम्ही भांडताय जाहिराती बघाव्या का, इथे कॅनडात आम्हाला त्या बघायलाच मिळत नाहीत, कोणी बोलतच नाही यावर 😭

झालंय असं की इकडच्या चॅनलने हक्क घेतलेले असतात, आणि तुम्ही केबलवर अमेरिकन चॅनल लावलं तरी त्याच्यावर इकडचं प्रक्षेपण चढवतात, त्यामुळे अमेरिकेत लोक हॉलिवूडचे स्टार बघत असतात आणि आम्ही बँकेची आणि डोनटची तीच रोजची जाहिरात. मध्ये २०१७ ते २०१९ तीन वर्षं सरकारी नियामकाने फक्त या एका मॅचपुरतं ते बंद केलं होतं, लोकांनी तक्रारी केल्या होत्या म्हणून, तर बेल (इकडची हक्कवाली कंपनी) आणि एनएफएल (फुटबॉलची लीग) थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि डिसेंबर २०१९ ला जिंकले. परत डोनट. सांगायचा मुद्दा, एखाद्या देशाच्या सुप्रीम कोर्टात "आम्हाला जाहिराती बघू द्या" हा विषय जातो म्हणजे काकू खोटं बोलत नाहीयेत.

वहीत_गाणी

हाफटाइमवर कोणी बोललंच नाही म्हणून मी.

१९६७ ला पहिली सुपर बोल झाली तेव्हा मध्यंतरात कॉलेजचे बँड होते, नंतरही बरीच वर्षं तसंच, शाळेच्या गॅदरिंगसारखं. १९९२ ला मिनियापोलिसला बर्फ, स्केटिंग असला थंड कार्यक्रम ठेवला आणि फॉक्स चॅनलने चलाखी केली, बरोबर त्या वेळात आपला एक लाइव्ह कॉमेडी शो लावला. दोन कोटींच्या वर लोक तिकडे पळाले. लीगवाले हादरले आणि पुढच्या वर्षी त्यांनी सरळ मायकल जॅक्सनला आणलं. तो स्टेजवर आला आणि दीड मिनिट नुसता पुतळ्यासारखा उभा, हलला पण नाही, लोक वेडे झालेले. तिथून पुढे हे असं झालं.

आणि आता शो मॅचच्या पुढे गेलाय, हे मी नाही आकडे सांगतात. २०२५ ला रॅपर केंड्रिक लमारचा शो १३ कोटी ३५ लाख लोकांनी बघितला, आणि त्या मॅचची सरासरी १२ कोटी ७७ लाख. फोर्थ डाऊन साहेब वाचताय ना 😀

अजून एक, गाणाऱ्यांना मानधन मिळत नाही. युनियनच्या नियमाने किरकोळ जे काय असेल ते, खर्च लीग आणि स्पॉन्सर बघतात. २०२१ ला द वीकेंडने तर वरून स्वतःचे ७० लाख डॉलर घातले. दुसऱ्या दिवशीपासून गाणी धडाधड वाजतात त्यात वसूल होत असेल. मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते स्टेज लावणं, शेकडो लोक चाकांवरचे तुकडे ढकलत पळत येतात आणि काही मिनिटांत जोडतात, गवत खराब होऊ न देता. कॅमेरा ते दाखवत नाही कारण तेव्हा जाहिराती चालू असतात.

जायच्या आधी एकच शो बघून जा, २००७ चा प्रिन्सचा, मायामीत धो धो पावसात. यंदा (२०२६) सँटा क्लाराला बॅड बनी आहे, पोर्टो रिकोचा, गातो स्पॅनिशमध्ये, त्यावरून इकडे काही लोकांनी आधीच नाकं मुरडलीयेत. पार्टीत कोणी तो विषय काढला तर तुम्ही वडे खा. २०२० ला शकीराबरोबर पाहुणा म्हणून येऊन गेलाय तो, स्टेज नवीन नाही त्याला.

फोर्थ_डाऊन

@वहीत_गाणी वाचलं. आकडे मान्य. तो शो संपल्यावर तिसरा क्वार्टर (मॅचच्या चार भागांतला तिसरा) सुरू होतो आणि निम्मी पार्टी किचनमध्ये असते, त्या शांततेसाठी मी तुमच्या सगळ्या गायकांचा आभारी आहे.

सूनताई, एक राहिलं. तुम्हाला तिथे "स्क्वेअर्स" खेळायला लावतील, १० बाय १० ची चौकट, डॉलर दोन डॉलर देऊन एका घरात नाव लिहायचं. दोन्ही बाजूंना ० ते ९ आकडे नंतर चिठ्ठ्या टाकून ठरतात, आणि प्रत्येक क्वार्टर संपल्यावर दोन्ही टीमच्या स्कोअरचा शेवटचा आकडा ज्याच्या घरात जुळेल तो जिंकला. खेळातलं काही कळायची गरज नाही. ०, ७, ३ आले तर खूश व्हा, टचडाऊन आणि फील्ड गोलमुळे तेच जास्त लागतात. २ आणि ५ आले तर हाफटाइमवर लक्ष द्या.

पुण्यात_पहाटे

इकडे सोमवारी पहाटे ५ ला सुरू होते. आमची टीम अमेरिकेच्या क्लायंटची, त्या दिवशी तिकडून एकही मेल येत नाही म्हणून आम्हाला पण आवडते सुपर बोल.

सिनसिनाटीची_सून

बापरे किती माहिती, सगळ्यांना खूप खूप थँक्यू. नवऱ्याला स्क्वेअर्सचं वाचून दाखवलं तर तो एकदम उठून बसला, म्हणाला हा म्हणजे आकडा लावण्याचा प्रकार, याला मी येतो. बेंगल्सचं पण बरं झालं सांगितलंत, काका दर रविवारी तीच केशरी काळी टोपी घालून बसतात आणि मी खरंच विचारणार होते.

मावशी, वडे घरून तळून नेले तर मऊ पडतील ना? हाफटाइमपर्यंत दोन तास जातात. त्यांच्या किचनमध्ये तळायला मागणं बरं दिसेल का?

जर्सीची_मावशी

अजिबात नको, त्यांचा स्मोक अलार्म वाजेल आणि ती जाहिरात बुडेल ते वेगळंच. घरून तळून ने, फॉइलने घट्ट झाकू नकोस, वाफ धरते. त्यांच्याकडे एअर फ्रायर असणारच, दुसरा क्वार्टर संपायला दोन मिनिटं राहिली की खेळ थांबवून एक ब्रेक घेतात, फोर्थ डाऊनला विचार, तेव्हा काकूंना सांगून आत टाक. घड्याळातली ती दोन मिनिटं पंधरा मिनिटं तरी चालतात.