'कोनशिला' म्हणजे नक्की कुठला दगड?

आडवाट : गेल्या रविवारी शेजाऱ्यांच्या चर्चच्या नव्या इमारतीच्या कार्यक्रमाला गेलो होतो. पत्रिकेवर 'कोनशिला समारंभ' असं छापलेलं. मला कोनशिला म्हटलं की संगमरवरी पाटी दिसते: वर 'शुभहस्ते', खाली 'प्रमुख उपस्थिती', आणि पडद्याची दोरी ओढणारे मंत्री. पण पाळकसाहेबांचं प्रवचन होतं 'बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड कोनशिला झाला' या वचनावर. पाटी कोण कशाला नाकारेल? आणि नाकारलेल्याची पाटी कशी होईल? जाणकारांनी सांगावं.

चिरेबंदी : पाटीचा अर्थ मागाहून चिकटला आहे. शब्द फोडून बघा ना, कोनावरची शिला. माझे आजोबा गवंडी होते, कोकणातले. जांभ्याच्या घराचं काम निघालं की ते आधी चारही कोपरे उठवायचे. कोपऱ्याचा चिरा निवडताना त्यांचा अर्धा दिवस जायचा. त्याच्या दोन बाजू बाहेर दिसणार, म्हणून दोन्हींच्या कडा शाबूत हव्यात. चिरा बसवला की गुण्या लावून काटकोन बघायचा, ओळंबा सोडायचा, मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणायची. मधले चिरे कोणीही लावले तरी चालायचं, कारण ते दोरीला लागायचे आणि दोरी कोपऱ्याला. कोपरा बोटभर फिरला तर भिंतीच्या दुसऱ्या टोकाला हातभर फिरलेला दिसायचा.

नाकारलेला दगड म्हणजे आमच्याकडे भरीला जाणारा. कडा उडालेला, शीर असलेला, आकारात न बसणारा. तो पायात गाडतात, नाहीतर कुंपणाला लावतात. असा दगड कोपऱ्याला बसला म्हणजे तो नाकारणाऱ्या गवंड्याची पारखच चुकली होती.

मोगरीचा वेल : चिरेबंदीताईंनी गवंडीकामातून सांगितलं ते बायबलात जवळजवळ तसंच आहे. यशया २८:१६ मध्ये देव म्हणतो की मी सियोनेत पायासाठी एक पारखलेला, मोलाचा कोपऱ्याचा दगड बसवतो. लगेच पुढच्या ओवीत न्याय ही मापायची दोरी आणि नीतिमत्त्व हा ओळंबा! प्रवचनांत ही दुसरी ओवी बहुतेक गळते, आणि मग कोनशिला नुसती 'भक्कम आधार' होऊन बसते. आधार आहेच, पण आधी ती माप आहे.

'बांधणाऱ्यांनी नाकारलेला' हे स्तोत्र ११८:२२ मधलं. हिब्रूत 'रोश पिन्ना', शब्दशः 'कोपऱ्याचं डोकं'. (उत्तर इस्राएलात याच नावाचं गाव आहे, १८८२ साली वसलेलं, नाव या स्तोत्रावरूनच घेतलेलं.) येशू यरुशलेमेत शिरला तेव्हा लोक 'होसान्ना' ओरडले, तेही याच स्तोत्रातलं. नंतर मंदिरात दुष्ट माळ्यांचा दाखला सांगून झाल्यावर त्याने याजकांना हीच ओवी ऐकवली. दाखल्यात माळी मळ्याच्या मालकाच्या मुलाला मारून टाकतात, आणि शेवटी गोष्ट एकदम दगडावर येते. मराठीत हा सांधा विचित्र वाटतो. हिब्रूत मुलगा म्हणजे 'बेन' आणि दगड म्हणजे 'एवेन', त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानाला तो लगेच जुळतो. हा श्लेष कुठल्याच भाषांतरात उतरत नाही, त्याला इलाज नाही.

पुढे येशूचा शिष्य पेत्र यहुदी धर्मसभेपुढे उभा राहतो तेव्हा (प्रेषितांची कृत्ये ४:११) याच ओवीत एक शब्द वाढवतो: '*तुम्ही* बांधणाऱ्यांनी'. स्तोत्रात 'तुम्ही' नाही. एका शब्दात आरोपपत्र तयार.

सातबारा : मध्येच एक गंमत. ग्रीक नव्या करारात कोपऱ्याला 'गोनिया' म्हणतात. फारसीत काटकोन्याला 'गूनिया', तो या ग्रीक शब्दावरूनच आला. मग चिरेबंदीताईंच्या आजोबांचा 'गुण्या' त्याच घराण्यातला असावा असं मला तरी वाटतं. 'कोनशिले'तला कोन मात्र आपल्याकडे संस्कृतातून आला.

उंबरठा : माझा थोडा वेगळा सूर. 'कोपऱ्याचं डोकं' म्हणजे खालचा दगड कशावरून? डोकं वर असतं. जखऱ्या ४:७ मध्ये जयघोषात पुढे आणलेला शिरोभागाचा दगड आहे, मंदिर पुरं करणारा. योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाने हीच बाजू मांडली होती की हा पायाचा नसून सगळ्यात शेवटी वर बसणारा दगड. लूक २०:१८ मध्येही तो ज्याच्यावर पडेल त्याचा चुराडा करील असं आहे. पायातला दगड कोणाच्या अंगावर कसा पडेल?

मोगरीचा वेल : त्याच ओवीचा पहिला अर्धा वाचा की, उंबरठा! जो त्या दगडावर पडेल त्याचे तुकडे होतील. माणूस दगडावर पडतो तो दगड खाली असतो म्हणून. यशया ८:१४ आणि १ पेत्र २:८ मध्ये तो ठेच लागण्याचा दगड आहे. कळसाच्या दगडाला कोण ठेचकाळतं? आणि इफिसकरांस २:२० मध्ये प्रेषित पौलाने वापरलेला ग्रीक शब्द यशया २८:१६ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात आहे. तिथे तो दगड पायात घातला जातो असं स्पष्ट लिहिलंय. जखऱ्याचा दगड मला वेगळाच वाटतो.

इफिसकरांतली ओवी आणखी एका कारणाने महत्त्वाची. तिथे पाया म्हणजे प्रेषित व संदेष्टे आणि ख्रिस्त कोनशिला. १ करिंथकरांस ३:११ मध्ये मात्र येशू ख्रिस्त हाच पाया, दुसरा कोणी घालू शकत नाही. लोक याला विसंगती म्हणतात. मला तसं वाटत नाही. करिंथात 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा' अशी गटबाजी चालली होती, तिथे प्रश्न होता की घर कोणाचं. इफिसकरांत यहुदी आणि विदेशी एकत्र कसे राहणार हा प्रश्न. दोन भिंती दोन दिशांनी येतात आणि कोपऱ्यावर भेटतात. कोपऱ्याचा दगड दोन्ही भिंतींचा असतो, एकीचा नाही.

चिरेबंदी : अगदी! आजोबा याला 'सांधा मारणे' म्हणायचे. कोपऱ्यावर एक थर या भिंतीकडे लांब, वरचा थर त्या भिंतीकडे लांब. तसं नसेल तर पावसाळ्यात कोपरा उकलतो.

उंबरठा : मान्य, ठेचेच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मग 'खडका'चं काय? 'या खडकावर मी माझी मंडळी रचीन' असं येशू पेत्राला म्हणतो, मत्तय १६:१८. तोही पाया आणि कोनशिलाही पाया, असं सरसकट बोललं जातं.

मोगरीचा वेल : सरसकट बोलू नये. मराठीचे कान इथे उपयोगी पडतात. खडक कोणी आणून बसवत नाही, तो आधीच असतो. आपण त्याच्यापर्यंत खणतो. लूक ६:४८ मध्ये शहाणा माणूस खोल खणून खडकावर पाया घालतो, ते यासाठीच. शिला निवडून, घडवून बसवतात. धोंडा वाटेत असतो. पेत्राचं अरामी नाव केफा, म्हणजे खडक. ग्रीकमध्ये 'पेत्रोस' आणि 'पेत्रा' असे दोन शब्द झाले आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट वाद शतकानुशतकं त्या दोन शब्दांवर रेंगाळला. त्यात इथे शिरायला नको. पण पेत्र स्वतःच्या पत्रात काय लिहितो बघा: तुम्ही सगळे जिवंत दगड आहात, एकावर एक रचले जाताय. खडक हे नाव मिळालेला माणूस स्वतःकडे बोट दाखवत नाही. जिवंत दगड ही कल्पनाही मराठीला अवघडच, आपल्याकडे 'दगड आहेस नुसता' ही शिवी.

सातबारा : आडवाट, तुमच्या पाटीचं राहिलंच. इंग्रजी अमलात इमारतींच्या कोपऱ्यातल्या दगडावर साल आणि साहेबाचं नाव कोरायची पद्धत होती. आरसीसी आलं, भार खांबांवर गेला, कोपऱ्यातल्या दगडाला काम उरलं नाही. नाव तेवढं राहिलं आणि ते पातळ होत होत पाटी झालं. आता तर 'कोनशिलेचं अनावरण' म्हणतात. जमिनीत जाणाऱ्या दगडाचं अनावरण! पाया घालण्याला 'पायाभरणी' हा चांगला शब्द आहे, पाटीला 'नामफलक' म्हणा.

आडवाट : सगळ्यांचे आभार, बरंच उलगडलं. काल संध्याकाळी मुद्दाम साइटवर जाऊन आलो. कोनशिला अजून सुतळीत बांधून गोण्यांवर ठेवली आहे. काळा ग्रॅनाइट, दोन इंच जाड, त्यावर हीच ओवी कोरलेली. कंत्राटदाराला विचारलं, कुठल्या कोपऱ्यात बसवणार? म्हणाला, "कोपऱ्यात कशाला साहेब, तिथे कोण वाचणार? दाराशेजारी लावू."