बाबांच्या जुन्या ट्रॅव्हन टेपमधून फायली काढायच्या आहेत, मदत हवीय

मुठाकाठची
नमस्कार मंडळी. बाबांचं नारायण पेठेत राहत्या वाड्यातच डीटीपीचं काम होतं, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दोन-तीन दिवाळी अंकसुद्धा केले त्यांनी. बाबा गेल्या वर्षी गेले. आता वाडा रिकामा करायचाय तर माळ्यावर त्यांचा जुना पेंटियम सापडला, त्यात एचपी कोलोरॅडो टी १००० टेप ड्राइव्ह (टेपवर कॉम्प्युटरचा बॅकअप घ्यायचं यंत्र) आहे आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सहा टेपा, टीआर-१ (ट्रॅव्हनचाच एक प्रकार) लिहिलेल्या. एकीवर बाबांच्या अक्षरात "अण्णा - पूर - संपूर्ण" असं आहे. अण्णा म्हणजे माझे आजोबा, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते इथेच होते, त्या आठवणी त्यांनी वहीत लिहिलेल्या आणि बाबांनी त्या टाइप केल्या होत्या. वहीला वाळवी लागली, प्रिंट कोणाकडेच नाहीये, म्हणजे ही टेप गेली तर सगळंच गेलं.

कॉम्प्युटर अजून चालू केलेला नाही. टिळक रोडला दोन दुकानांत विचारलं, त्यांनी असली टेप कधी बघितलीच नव्हती. ड्राइव्ह काढून लॅपटॉपला जोडता येईल का?

जुना_डबा
ताई, एक विनंती आहे, अण्णांची टेप ड्राइव्हमध्ये आत्ता घालू नका. घालून बघू काय होतंय ते, असं अजिबात नको.

कारण सांगतो. ड्राइव्हच्या तोंडातून टॉर्च मारून बघा, आत एक छोटा रबरी रोलर दिसेल, तो टेपच्या कडेचं चाक फिरवतो. इतक्या वर्षांत ते रबर वितळून डांबरासारखं होतं. बोट लावून बघा, काळं चिकटलं की समजा रोलर गेला, आणि तसाच वापरला तर तो चिकटा टेपच्या चाकाला लागतो आणि टेप मधेच अडकते. जुनं रबर आयसोप्रोपिल स्पिरिटने पूर्ण खरवडून काढायचं आणि त्याच जाडीची सिलिकॉनची नळी कापून घट्ट बसवायची. पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत नळी आणि आयसोप्रोपिल दोन्ही मिळतं, जुना रोलर मापाला सोबत न्या, कारण जाडीत फरक पडला की वेग बदलतो.

दुसरं म्हणजे टेपच्या आत एक पातळ पट्टा असतो, तोच दोन्ही रिळं ताणून धरतो. तो सैल पडतो नाहीतर टेपलाच चिकटतो. आणि या टेपचं टोक रिळाला बांधलेलं नसतं! टोकाजवळ भोकं असतात, त्यांतून उजेड आला की ड्राइव्हला कळतं टेप संपली, आता थांबायचं. सेन्सरवर धूळ असेल तर ड्राइव्ह थांबतच नाही आणि टेप रिळावरून सुटून येते. माझी एक अशीच सुटली होती, परत गुंडाळायला पूर्ण रविवार गेला आणि सुरुवातीचा भाग चुरगळला तो चुरगळलाच. म्हणून आधी सेन्सर आणि हेड (ड्राइव्हचा टेप वाचणारा भाग) पुसा, मग सहातली सगळ्यात बिनमहत्त्वाची टेप घालून बघा. प्रत्येक टेपचं राइट प्रोटेक्टचं बटण सरकवून ठेवायला विसरू नका, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही.

कोथरूडकर_लिनक्स
लॅपटॉपचं विसरा. टी १००० फ्लॉपीच्या केबलवर चालतो, थेट फ्लॉपी कंट्रोलरशी बोलतो, त्यामुळे यूएसबीवाल्या फ्लॉपी ड्राइव्हचा किंवा कुठल्या कन्व्हर्टरचा इथे उपयोग नाही, बोर्डवर ३४ पिनांचा खरा कनेक्टरच पाहिजे. लिनक्समध्ये असले ड्राइव्ह चालवणारा एफटेप ड्रायव्हर होता पण २००७ मध्ये २.६.२० कर्नलमधून (लिनक्सच्या गाभ्यातून) तो काढून टाकला, म्हणजे २.४ कर्नलच्या काळातलं जुनं डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) लागेल. त्यातून टेपची जशीच्या तशी कॉपी (इमेज) निघाली तरी आतला डेटा बॅकअप सॉफ्टवेअरने कॉम्प्रेस केलेला असतो, तो उलगडणं हे वेगळंच काम.

म्हणून माझ्या मते बाबांचाच पेंटियम वापरा, ज्या सॉफ्टवेअरने बॅकअप घेतला त्यानेच रिस्टोअर करा. पण चालू करायच्या आधी हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनवर तिची पूर्ण कॉपी घ्या, कदाचित फायली तिथेच सापडतील. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) एकटा तपासून घ्या. बोर्डवरचा सेल संपलेला असणार, तो बदलून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) हार्डडिस्क परत ओळखवून द्यावी लागेल.

आणि घाई करू नका. टीआर-१ ची क्षमता ४०० एमबी (८०० लिहितात ते कॉम्प्रेशन धरून), कंट्रोलर सेकंदाला ५०० किलोबिटवाला असेल तर एक भरलेली टेप वाचायला पावणेदोन-दोन तास लागतात. गुरुवारी लावू नका, दुरुस्तीसाठी मधेच लाईट घालवली तर सगळं परत पहिल्यापासून.

अक्षरजुळणी
मी त्याच काळात पेठेत टायपिंग केलंय म्हणून सांगते, फायली निघाल्या तरी काम अर्धंच झालं. तेव्हा मराठी टायपिंगला युनिकोड (आजच्यासारखी सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) कोणी वापरत नव्हतं. श्री-लिपी असेल (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, पुण्याचंच, सगळ्यांकडे तेच असायचं) तर फॉन्टशिवाय फाईल उघडली की नुसती चिन्हं दिसणार, ती बघून फाईल खराब झाली असं समजून डिलीट करू नका. हार्डडिस्कवरून विंडोजचा फॉन्टचा फोल्डर आख्खा कॉपी करून ठेवा. पॅरलल पोर्टला (प्रिंटरच्या जागेला) लावायचा सॉफ्टवेअरचा लॉक मिळाला तर तोही जपा.

फायलींच्या नावाच्या शेवटी काय आहे बघा, पेजमेकरच्या (पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या) असणार. पीएम६ किंवा पी६५ असेल तर इनडिझाइन सीएस६ त्या उघडतं, नंतरचं सीसी उघडत नाही. पीएम५ असेल तर आधी पेजमेकर ६.५ मध्ये उघडून सेव्ह करायची. नंतर कन्व्हर्टरने युनिकोड करा पण रफार, र्‍य आणि जोडाक्षरं एकेक ओळ वाचूनच तपासा. "दुसर्‍या"चं काय होतं ते मी बघितलंय.

मुठाकाठची
तीन आठवड्यांनी लिहितेय. रोलर खरंच डांबर झाला होता, अंगठ्यावरचं काळं दोन दिवस गेलं नाही. नळी दुसऱ्या वेळी बरोबर मापाची मिळाली. हार्डडिस्कची कॉपी झाली, त्यात अण्णांचं काही नव्हतं पण कोलोरॅडो बॅकअप (बॅकअपचं सॉफ्टवेअर) आणि सगळे फॉन्ट मिळाले. आधी पत्रिकांची टेप लावली, ती नीट वाचली गेली, मग अण्णांची. यादीत १४ फायली दिसल्या, पूर०१ ते पूर१४, सगळ्या पीएम५. १३ आल्या. पूर०७ ला रीड एरर येतो.

पूर०१ उघडली आणि आत्याला फोनवर वाचून दाखवली. ती मधे काहीच बोलली नाही, संपल्यावर म्हणाली, पुढचं वाच.

सातव्यासाठी आता काय करू?

जुना_डबा
१३ आल्या, फार बरं वाटलं ताई. आज परत लावू नका. हेडवर टेपचा चुरा बसला असेल, कापसाने आयसोप्रोपिल लावून पुसा, पूर्ण वाळू द्या. उद्या सॉफ्टवेअरमधून रिटेन्शन करा, म्हणजे टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येईल आणि ताण सारखा होईल, मग फक्त पूर०७ निवडून रिस्टोअर. दोनदा जमलं नाही तर थांबा आणि इथे लिहा. माझ्याकडे टी १००० चा दुसरा ड्राइव्ह आहे, कधीकधी एका हेडला न वाचता आलेला ट्रॅक दुसरं हेड वाचतं. सहकारनगरला राहतो, घेऊन येतो.