मदत हवी आहे: एवढ्याशा दुकानावर दावा कशासाठी?

मंडळी, आमच्या फरसाणच्या दुकानाला पाटीवरच्या नावावरून एका बड्या कंपनीची वकिली नोटीस आलीय. नाव आजोबांच्या काळापासूनचं. पाटीचा पत्राही गंजलाय.

पुण्यातलं बर्गर किंग प्रकरण वाचलं. त्याच नावाच्या तिथल्या एका हॉटेलावर अमेरिकेतल्या बर्गर किंग कंपनीने नावावरून दावा लावला, तो २०११चा. ऑगस्ट २०२४मध्ये पुण्याच्या कोर्टात हॉटेलवाले जिंकले. डिसेंबरात हायकोर्टाने कंपनीच्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरायला मनाई केली होती; मार्च २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली. एका हॉटेलासाठी तेरा वर्षं खटाटोप? की हायकोर्टाचा निकाल हाती आला, की तोच कागद पुढच्या शंभर दुकानांपुढे नाचवता येतो म्हणून?

ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३४मध्ये आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण आहे. त्यासाठी जुनी बिलं, शॉप ॲक्टचा दाखला पुरेल का? उत्तराला नऊच दिवस उरलेत.