प्रतिसाद: कोरी वही

‘नैराश्य नसतं तर मोठी कविताच झाली नसती’ हे वरचं म्हणणं काही पटलं नाही. मनोविकारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रियासन यांच्या लेखक आणि मनोविकारांवरच्या १९८७च्या ज्या अभ्यासाचा दाखला सगळे देतात, त्यात लेखक होते अवघे ३०. २०१३मध्ये स्वीडनमध्ये दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सर्जनशील व्यवसायांशी एकंदर संबंध दिसला तो बायपोलरचा (मन कधी अति उत्साहात, कधी खोल नैराश्यात जातं तो आजार), नुसत्या नैराश्याचा नाही. लेखक तेवढे अपवाद निघाले, त्यांच्यात नैराश्यही जास्त दिसलं (हे जरा लागलंच!).

माझं म्हणाल तर नैराश्याच्या त्या सात महिन्यांत एक ओळ सुचली नाही. दादरला उतरायचं भान नसायचं, थेट चर्चगेटपर्यंत बसून राहायचो. वही उघडली ती गोळ्या लागू पडल्यावर, आणि पहिल्या पानावर लिहिली वाण्याची यादी.