माउथवॉश सोडून मीठपाणी, तिळाचं तेल आणि त्रिफळा वापरून बघितलं, तुमचं काय मत?

रानजाई
फेब्रुवारीत दात क्लीन करून घेतले तेव्हा डेंटिस्टनी क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला होता, ०.२ टक्केवाला, पंधरा दिवस वापरा म्हणाले. पण तोंड इतकं स्वच्छ वाटायचं की मी बाटली संपली की दुसरी आणत राहिले, दोन महिने. मग एक दिवस आमटीत मीठ दोनदा घातलं गेलं कारण चवच कळेना, आणि खालच्या दातांना मागून तपकिरी डाग पडलेले दिसले. तेव्हा ठरवलं की आता घरातल्याच गोष्टी नीट करून बघायच्या, नुसतं "छान वाटतं" म्हणून नाही.

तर एकेक आठवडा एकेक गोष्ट. आधी कोमट मीठपाणी (पेल्याला अर्धा चमचा), मग घाण्याचं तिळाचं तेल एक चमचा तोंडात दहा मिनिटं, मग त्रिफळ्याचा काढा, म्हणजे चमचाभर चूर्ण दोन कप पाण्यात उकळून निम्मं करायचं आणि गाळायचं. ब्रश नेहमीसारखाच दोन वेळा. दर रविवारी उठल्यावर ब्रशच्या आधी खायचा लाल रंग दोन थेंब पाण्यात टाकून चूळ भरायची, मग साध्या पाण्याने एकदा खळखळून, आणि आरशात बघायचं. जिथे किटण आहे तिथे रंग धरून राहतो. माझे २८ दात आहेत, त्यात रंग धरलेले असे: माउथवॉशच्या शेवटच्या आठवड्यात ९, मीठपाणी १५, तेल ११, त्रिफळा १२. हिरड्यांतून रक्त कशातच आलं नाही.

माझं मत झालंय की रोजच्या वापराला बाटलीची गरज नाही. तेल किंवा त्रिफळा पुरे, आणि चव परत आली हे तर फारच मोठं सुख आहे.

दंतवैद्य_नाशिक
ताई, रंग लावून मोजलंत हे खरंच आवडलं, आमचे पेशंट एवढं करत नाहीत. पण निष्कर्ष मला पटत नाही. एक तर तुमची सफाई नुकतीच झाली होती, टार्टर निघालं की हिरड्या आपोआप सुधारतात, त्याचं श्रेय तेलाला कसं देणार? दुसरं, रविवारी रंग दिसणार हे माहीत असलं की माणूस आठवडाभर ब्रश जास्त मन लावून करतो. आणि मुख्य म्हणजे तुमच्याच आकड्यात माउथवॉश पुढे आहे, ९ कुठे आणि १५ कुठे. क्लोरहेक्सिडिन दाताला आणि तोंडातल्या त्वचेला चिकटून राहतं आणि काही तास हळूहळू काम करत राहतं, म्हणून ते ऑपरेशननंतर, हिरडीला सूज असताना आम्ही देतो. डाग पडतात, चव जाते, हे खरंच आहे, म्हणूनच पंधरा दिवस सांगतो. चूक औषधाची नाही, दोन महिने वापरण्याची आहे.

अण्णा कोल्हापूरकर
डॉक्टर, आमच्या गावात म्हातारी माणसं बाभळीची नाहीतर कडुनिंबाची काडी चावून दात घासायची, ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खायची दातानं. त्यांनी कुठं बाटली बघितली होती? आज नातवंडांना पहिलीत दातात सिमेंट. तुम्ही लोकांनीच आमची सवय मोडली. मी आजही सकाळी काडीच करतो, आणि तोंड आलं तर जाईची पानं चावून थुंकतो, दोन दिवसात उतार.

स्वप्ना_प
अण्णा, राग मानू नका, पण त्याच गावांत आमची आजी राखुंडी आणि पुढे मिश्री लावायची. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की हो, दाताला लावली तरी अंगात जातेच. तिला गालाचा कॅन्सर झाला. जुनं ते सगळं चांगलं असं ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. आणि नातवंडांचे दात काडी सोडल्याने किडले नाहीत, बिस्किटं, चॉकलेट आणि झोपताना गोड दुधाच्या बाटलीने किडले.

दुसरं माझ्या आईचं. तिला शुगर आहे, हिरड्यातून रक्त येत होतं तर वर्षभर तुरटी, हळद-मीठ, लवंगेचं तेल असं चाललं होतं कारण सगळे सांगायचे "घरचंच बरं". लवंगेचं तेल तसंच हिरडीवर लावून ती जागा भाजली वेगळीच. डॉक्टरकडे नेलं तेव्हा हाड झिजून पुढचे दोन दात हलायला लागले होते, काढावेच लागले. रक्त येतंय याचा अर्थ आतून काहीतरी चाललंय, ते दाखवायला पाहिजे, मग गुळण्या कशाच्या का करेनात.

अण्णा कोल्हापूरकर
मिश्रीचं मी समर्थन केलेलंच नाही, तंबाखू वाईटच. आजीचं ऐकून वाईट वाटलं. पण काडी आणि मिश्री एका दावणीला बांधू नका.

तुरट_मधुर
मी बीएएमएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात दातवणाची झाडं दिली आहेत, करंज, कण्हेर, रुई, मालती म्हणजे आपली जाई वगैरे, जीभ घासायला सांगितलंय आणि तिळाच्या तेलाचा गंडूषही आहे. गंडूष म्हणजे तोंड गच्च भरून न हलवता धरायचं, आणि कवल म्हणजे खळखळवता येईल इतकं. लोक हल्ली ऑइल पुलिंग म्हणून करतात ते कवलाच्या जवळचं. २००९ साली इंडियन जर्नल ऑफ डेंटल रिसर्चमध्ये एक अभ्यास आला होता, २० मुलं, दहा दिवस, तिळाचं तेल आणि क्लोरहेक्सिडिन अशी तुलना, दोन्हीकडे हिरड्या सुधारल्या. पण २० मुलं आणि दहा दिवस यावर मीसुद्धा फार मोठं घर बांधणार नाही. तेल गिळायचं नाही, लहान मुलांना द्यायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

ओव्याची_फुलं
मला ही केमिकल विरुद्ध नैसर्गिक अशी वाटणीच खटकते. मी औषधाच्या कंपनीत क्वालिटीला काम करते. ती जुनी तिखट माउथवॉश, जी १८७९ मध्ये जोसेफ लिस्टरच्या नावावरून अमेरिकेत निघाली, तिच्यात काय असतं? थायमॉल, जे आपल्या ओव्यात भरपूर असतं, मेन्थॉल पुदिन्यातलं, युकॅलिप्टॉल निलगिरीतलं. आणि डेंटिस्ट जी तात्पुरती फिलिंग करतात त्यात लवंगेतलं युजेनॉल असतं, म्हणून दवाखान्यात तो वास येतो. प्रश्न किती प्रमाणात आणि किती वेळ याचा आहे. ओवा असो की लवंग, बाटलीत मोजून असतं, घरी अंदाजपंचे. उलट लिंबूपाणी "नैसर्गिक" म्हणून गुळण्यांना वापरणारे बघितलेत मी, ते तर दाताचं वरचं कवच विरघळवतं.

तरी रानजाईताईंच्या बाजूने एक सांगते. २०१३ मध्ये लंडनला १९ निरोगी लोकांना आठवडाभर क्लोरहेक्सिडिनने गुळण्या करायला लावल्या तर बीपी साधारण दोन ते साडेतीन पॉइंटने वाढलं, कारण पालेभाज्या, बीट यातल्या नायट्रेटवर काम करून बीपी आटोक्यात ठेवायला मदत करणारे जिभेवरचे चांगले जंतूही मेले. म्हणजे सगळेच जंतू मारणं हे काही ध्येय असू शकत नाही.

पण ताई, तुम्ही नुसतं साधं पाणी एक आठवडा का नाही केलं? त्याशिवाय कळणार कसं?

रानजाई
आठवडाभराने आले परत. साधं कोमट पाणी, बाकी सगळं तेच. १४ आले. म्हणजे मीठपाणी आणि साधं पाणी जवळपास सारखंच, हे मान्य करायला मला जड गेलं कारण मीठपाण्यावर माझा फार विश्वास होता, आजोळी सगळे तेच करायचे. डॉक्टर, तुमचं रविवारच्या धाकाचं म्हणणंही पटलं. पण तेलाचे ११ मी एवढ्यात सोडणार नाही, पुढच्या महिन्यात तेल आणि साधं पाणी दोन-दोन आठवडे करणार, फोटो नवऱ्याला मोजायला देणार आणि कुठला फोटो कशाचा ते त्याला सांगणारच नाही.

दंतवैद्य_नाशिक
आता झाली ना गंमत! दोन्ही वेळा साधं पाणी तेलाइतकीच दहा मिनिटं खळखळवा बरं का, नाहीतर तेलाचा गुण की वेळेचा ते कळायचं नाही. आणि रंग नेहमी कुठे धरतो ते बघा, बहुतेक दोन दातांच्या फटीत असेल. तिथे ना तेल पोचतं ना माउथवॉश. फ्लॉस किंवा इंटरडेंटल ब्रश घ्या.

रानजाई
आत्ता फोटो काढून बघितले, हो, फटीतच आहे. उजवीकडे जास्त.

अण्णा कोल्हापूरकर
मी डावखुरा, माझं कुठं राहतं ते बघतो. रंग कुठला घेतलात, केशरी चालंल काय?