ॲन्युइटी सुरू होतेय, डब्ल्यू-४पी कसा भरावा? (आत्ता न्यू जर्सी, पुढे पुणे)

तळेगावची_लेक
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं बरीच वर्षं ग्रीन कार्डावर आहोत. हे ६६ वर्षांचे, निवृत्त. मी अजून शाळेत अर्धवेळ नोकरी करते. ह्यांच्या नावावर दोन ॲन्युइटी (आधी पैसे घालून विमा कंपनीकडून ठरावीक हप्ते घ्यायची योजना) आहेत. एक आयआरएतले (निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातले) पैसे वळवून घेतलेली, दुसरी बँकेतल्या बचतीतून. दोन्ही लवकरच सुरू होतील. विमा कंपनीने दोन्हींसाठी डब्ल्यू-४पी (हप्त्यातून किती केंद्रीय कर कापायचा ते सांगणारा फॉर्म) पाठवलाय. एजंट म्हणतो, नाही भरलात तरी चालतं. खरंच चालतं का? आणि काही वर्षांनी कायमचं पुण्याला जायचंय, तेव्हा काय बदलेल? सीपीएकडे (इथल्या सीएकडे) जाण्याआधी निदान काय विचारायचं ते कळलं तर बरं. इथल्या कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.

हिशेबनीस_एडिसन
ताई, मी दर वसंतात ज्येष्ठांची रिटर्न भरून द्यायला स्वयंसेवक म्हणून बसतो. हा प्रश्न हमखास येतो.

फॉर्म दिला नाहीत तर कंपनी यजमानांना अविवाहित धरून, बाकी काहीही न बघता कर कापते. ऐकायला वाटतं जास्त कापतील. पण प्रत्येक ॲन्युइटीची कापणी स्वतंत्र होते. वर्षाची रक्कम स्टँडर्ड डिडक्शनपेक्षा (उत्पन्नातल्या ठरावीक करमुक्त वजावटीपेक्षा) कमी असेल तर दोन्हींतून काहीच कापलं जात नाही. तुमचा पगार कुणाच्याच हिशेबात नसतो. मग एप्रिलमध्ये सगळं एकदम अंगावर येतं, वर अंडरपेमेंटचा (वर्षभरात कमी कर भरल्याचा) दंड.

म्हणून दोन्ही फॉर्म भराच, आणि खरं काम स्टेप २ मध्ये आहे. जी ॲन्युइटी जास्त देते तिच्या फॉर्मवर २(बी)(१) मध्ये तुमचा वार्षिक पगार आणि (२) मध्ये लहान ॲन्युइटीची करपात्र रक्कम लिहा. लहानीच्या फॉर्मवर फक्त पगार. घरात नोकरीचं उत्पन्न आहे, त्यामुळे स्टेप ३ ते ४(बी), म्हणजे सवलती, इतर उत्पन्न आणि वजावटी, दोन्हीकडे कोरं ठेवायचं. ते तुमच्या शाळेच्या डब्ल्यू-४ वर (पगारातल्या कापणीच्या फॉर्मवर) जातं. बरेच जण इथेच तीच वजावट दोन-तीन ठिकाणी लिहितात आणि कापणी कमी पडते. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) सुरू असेल तर तिच्यासाठी डब्ल्यू-४व्ही वेगळा आहे. त्यात ७, १०, १२ किंवा २२ टक्के यांतलाच एक दर निवडता येतो.

रारिटन_काठी
एक जोडते. दोन्ही ॲन्युइटींवरचा कर सारखा नसतो. आयआरएतून आलेली, आधी कर भरलेला नसेल तर, पूर्ण करपात्र. बचतीतली मात्र स्वतःचे, कर भरून झालेले पैसे घालून घेतलेली. तिच्या प्रत्येक हप्त्यात थोडी मुद्दल परत येते, तिच्यावर कर नाही. समजा २ लाख डॉलर घातले आणि आयुर्मानाच्या तक्त्यानुसार एकूण ३ लाख मिळणं अपेक्षित आहे. मग १,५०० च्या हप्त्यातले १,००० करमुक्त, ५०० करपात्र. मुद्दल पूर्ण वसूल झाली की पुढचे हप्ते सगळे करपात्र.

पहिलं वर्ष संपलं की जानेवारीअखेर १०९९-आर (वर्षभरात किती दिलं त्याचा कंपनीचा दाखला) येईल. वरच्या उदाहरणात बारा हप्त्यांचे बॉक्स १ (एकूण) मध्ये १८,०००, २ए (करपात्र) मध्ये ६,००० आणि ५ (मुद्दल) मध्ये १२,००० दिसलं पाहिजे. २ए मध्येही १८,००० आलं असेल तर रिटर्न भरण्याआधी कंपनीला फोन करा. मुद्दल किती धरली आहे, ते आत्ताच लेखी मागून ठेवा. वर्षानुवर्षांनी ते कागद सापडत नाहीत.

कोथरूड_परत
पुण्याचं मी सांगतो, आम्ही जाऊन आलोय त्यातून. ग्रीन कार्ड हातात असेपर्यंत तुम्ही अमेरिकेच्या करासाठी रहिवासीच, राहा कुठेही. फॉर्म डब्ल्यू-४पीच राहतो. फक्त एक दार बंद होतं. अमेरिकेत राहणारा माणूस ४(सी) खाली ‘नो विदहोल्डिंग’ लिहून कापणी थांबवू शकतो. राहता पत्ता भारतातला दिलात की ती सवलत नाही.

कार्ड आय-४०७ भरून परत केलंत तर तुम्ही परदेशी नागरिक, अनिवासी. मग डब्ल्यू-८बेन (अनिवासी असल्याचं कंपनीला कळवणारा फॉर्म) द्यायचा. तो दिला नाही तर सरसकट ३० टक्के कापतात. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २० नुसार खाजगी ॲन्युइटीवर फक्त राहत्या देशाने कर घ्यायचा असतो. तो हक्क डब्ल्यू-८बेनवर स्पष्ट मागावा लागतो, सोशल सिक्युरिटी नंबरासकट. सोशल सिक्युरिटीचं उलट आहे, तिच्यावर कर अमेरिकेचाच.

पण घाई करू नका. गेल्या १५ वर्षांपैकी ८ वर्षांत कार्ड असेल तर परत करताना ८८५४ फॉर्म भरावा लागतो, आणि मालमत्ता किंवा सरासरी कर मोठा असेल तर एक्झिट टॅक्स (कार्ड सोडताना लागणारा कर) लागू शकतो. विमानाची तिकिटं काढण्याआधी हे दोन्हीकडचा कर जाणणाऱ्या माणसाकडून करून घ्या. नुसता इथला किंवा नुसता तिथला सीए पुरत नाही.

तळेगावची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. मुद्दलीचा कागद उद्याच मागते. न्यू जर्सीच्या राज्य कराचं काय? तोही ह्यातच कापतात का?

हिशेबनीस_एडिसन
नाही. त्याला एनजे-डब्ल्यू-४पी वेगळा आहे आणि तो ऐच्छिक. दरमहा थोडं कापून घ्यायचं असेल तर ह्या दोन फॉर्मांसोबतच पाठवा. यजमान ६२ च्या पुढे आहेत, तेव्हा न्यू जर्सीची पेन्शन सवलत मिळते का तेही सीपीएला विचारा. ती उत्पन्नाच्या मर्यादेवर ठरते, तुमचा पगारही त्यात मोजतात.