कचरा डेपोच्या शेजारचे जगणे : आपले अनुभव लिहा

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात, कांजूरच्या क्षेपणभूमीपासून फार लांब नसलेल्या इमारतीत मी राहते. डेपोजवळच्या माणसांचे म्हणणे 'वास येतो' या दोन शब्दांत गुंडाळले जाते, आणि म्हणूनच ते सविस्तर लिहिले जावे असे मला मनापासून वाटते. सुरुवात मी करते. आमच्याकडे वास दिवसभर नसतो. रात्री वारा पडला की तो येतो आणि पहाटेपर्यंत खोलीत ठाण मांडतो, त्यामुळे ऐन मे महिन्यातही खिडक्या लावून घ्याव्या लागतात. सासूबाईंना दमा आहे. गेल्या पावसाळ्यापासून मी कालनिर्णयच्या चौकटींत वासाच्या रात्री फुली आणि त्यांना पंप घ्यावा लागला त्या रात्री गोल करते आहे. सगळे गोल फुल्यांवर पडत नाहीत, हेही नमूद करते. परंतु सलग तीन-चार फुल्या आल्या की त्यांची झोप मोडते, चिडचिड होते आणि जेवण कमी होते, हे घरातल्या प्रत्येकाने पाहिले आहे. आपणही वेळ, ऋतू, त्रास आणि त्यावर केलेला उपाय असे शक्य तितके नेमके लिहावे.

फुरसुंगीहून, शेतकरी

विहिरीचे पाणी पिणे आम्ही बंद केले तेव्हा मी शाळेत होतो. पाण्यावर तांबूस तवंग येऊ लागला, डाळ शिजेनाशी झाली आणि कळशीच्या आत बोटाने खरवडावा लागेल असा थर बसू लागला. साठलेल्या कचऱ्यातून पावसाचे पाणी झिरपते, कुजलेल्या पदार्थांतील क्षार आणि बॅटऱ्या वगैरेंतील धातू सोबत घेते आणि खाली अस्तर नसेल तर थेट भूजलात उतरते. अधिकारी त्याला लिचेट म्हणतात, आम्ही काळे पाणी म्हणतो. त्यानंतर टँकर आले. टँकरची वेळ ठरलेली नसल्यामुळे आई दुपारची कधी आडवी झाली नाही आणि हंडे उचलून उचलून तिची कंबर कायमची धरली. आरोग्याच्या हिशेबात ही कंबर कोणी धरत नाही.

धाकट्या भावाच्या लग्नाचे जुळत आले होते. घर बघायला आलेल्या पाहुण्यांनी पोह्यांच्या बशीवर हात आडवा धरून माशा वारल्या, गोड बोलून निरोप घेतला आणि दोन दिवसांनी कळवले की मुलगा पसंत आहे, पण गाव नको. एप्रिल 2017 मध्ये, पुण्याचा कचरा जिथे टाकला जाई त्या इथल्या डेपोला आग लागली तेव्हा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, ते आंदोलन तीन आठवड्यांहून अधिक चालले. त्या काळात पुण्यातल्या ओळखीच्या लोकांचे मला फोन आले, 'आमच्या चौकात कचरा साचलाय, कधी मिटवताय?' असे विचारणारे. मी त्यांना घरी जेवायला बोलावले. कोणी आले नाही.

गोवंडीहून, दोन मुलांची आई

देवनारची क्षेपणभूमी 1927 पासूनची आहे, म्हणजे आमच्या वस्तीतल्या कोणत्याही आजीपेक्षा जुनी. कचऱ्याच्या पोटात हवा पोहोचत नाही, तिथे मिथेन तयार होतो आणि एकदा आग धरली की ती वरून पाणी मारून लवकर विझत नाही. जानेवारी 2016 च्या आगीत परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिचे नाक पुसलेला रुमाल काळा निघत असे आणि मी दाराच्या फटीत ओली साडी कोंबून बसत असे. धूर गेला, तिचा खोकला मात्र होळीनंतरही टिकला.

गोवंडीहूनच, परिचारिका

वरच्या अनुभवाला एक जोड देते. माझी आई याच डम्पिंगवर कचरा वेचत असे आणि माझे शिक्षण त्याच पैशांतून झाले. तिला क्षयरोग झाला. तो डम्पिंगमुळे, दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सहा जण राहत होतो त्यामुळे की अर्धपोटी राहिल्यामुळे, हे कोणत्याही डॉक्टरला वेगळे काढून सांगता आले नाही. आगीनंतर आत जाण्यावर बंधने आली आणि तिची कमाई थांबली. डेपो हटवा म्हणताना तिथे हातमोज्यांशिवाय काम करणाऱ्यांचे पुढे काय, हेही त्याच अर्जात लिहावे, अशी माझी विनंती आहे.

कल्याणहून, निवृत्त शिक्षक

आधारवाडीला कचरा टाकणे 2021 मध्ये बंद झाले. वास हळूहळू उतरला आणि त्या पुढच्या उन्हाळ्यात पत्नीने कित्येक वर्षांनी गच्चीवर पापड वाळत घातले. रात्री अकराच्या सुमारास उठून खिडकी लावण्याची माझी सवय अजून गेलेली नाही.